शरणपूरची आफ्रिकन लेकरे

शरणपूर रोड हा आज नाशिकमधला गजबजलेला रस्ता आहे. दुकाने, दवाखाने, शिकवण्या, कॅनडा कॉर्नरचा सिग्नल. रोज हजारो माणसे त्या नावाची पाटी वाचतात आणि पुढे निघून जातात. आपल्या मंडळीतल्या जुन्या घरांमध्ये मात्र शरणपूर अजूनही गावाचे नाव म्हणूनच घेतले जाते. या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्या, असे सांगण्यात आले तेव्हा शाळा, अनाथाश्रम, देऊळ, पाळकांची परंपरा असा क्रमवार वृत्तांत डोळ्यांपुढे होता. लिहायला बसलो आणि १८६० ते १८७५ या पंधरा वर्षांपाशी अडकलो. त्या वर्षांत शरणपुरात आफ्रिकेची मुले वाढत होती. गुलाम म्हणून विकली गेलेली, समुद्रावर सुटलेली मुले. बाकीचा इतिहास इतरांनी आधी लिहिला आहे, पुढेही कोणी लिहील. मी या लेकरांचा लिहितो.

आधी गावाविषयी. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झाले. सुरुवातीच्या मिशनऱ्यांत रेव्हरंड फॅरर होते. पुढे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या काळी घर, भाऊबंद, विहीर, धंदा सगळेच एका दिवसात बंद होत असे. अशांना राहायला जागा हवी, हाताला काम हवे, म्हणून प्राइस यांनी १८५५च्या सुमारास शहराबाहेर पश्चिमेला वस्ती वसवली. तिचे नाव शरणपूर.

हे नाव ज्याला सुचले त्याला मराठी चांगली कळत असणार. आज आपण शरण जाणे म्हणतो ते हार पत्करण्याला. जुन्या मराठीत शरण म्हणजे आसरा. शरण आलेल्याला पाठीशी घालणे हे देवाचे ब्रीद. ज्याला कुठेच जागा उरली नाही त्याने यावे असे गाव, हा त्या नावाचा अर्थ. नाव ठेवताना कोणाच्या मनात आफ्रिका नव्हती.

ती आली समुद्रावरून. पूर्व आफ्रिकेत न्यासा सरोवराच्या आसपास धाडी पडत. गावे जाळली जात, म्हातारी माणसे मारली जात, तरुण आणि लहान मुले मानेत लाकडी जू अडकवून किनाऱ्याकडे हाकली जात. किल्वा बंदरात त्यांना गलबतांत भरत, झांजिबारच्या बाजारात विकत. काही तिथल्या लवंगांच्या बागांत राबत, काही उत्तरेला अरबस्तान आणि इराणी आखातात जात. हिंदुस्थानात १८४३च्या पाचव्या कायद्याने गुलामीचे कायदेशीर अस्तित्व संपले होते. ब्रिटिश आरमाराची जहाजे अशी गलबते अडवत आणि माणसे सोडवत.

सोडवत, आणि मग? या प्रश्नाशी आरमाराचा संबंध संपत असे. आठ-दहा वर्षांचे पोर. गाव जळालेले, आईबाप मेलेले किंवा विकलेले. परत पाठवायचे तर ज्या वाटेने आणले तीच वाट, आणि त्या वाटेवर तेच व्यापारी. किनाऱ्यावर उतरवले की आठवड्याभरात ते पुन्हा बाजारात दिसणार. म्हणून सुटलेल्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस, मुंबई अशा ठिकाणी उतरवत. मुंबईत उतरलेल्या काही मुलांना मिशनच्या लोकांनी जवळ केले. त्यात रेव्हरंड आयझेनबर्ग यांचे नाव घ्यायला हवे. हा जर्मन माणूस आधी इथिओपियात काम करून तिथून हद्दपार झालेला. मुंबईत आल्यावर आफ्रिकन मुलांचा सांभाळ त्याच्याकडे आला. १८६०च्या सुमारास ही मुले शरणपुरात आणली गेली आणि इथे 'आफ्रिकन असायलम' उभे राहिले.

ती आली कशी, याचा विचार मी बरेचदा करतो. थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली. त्याआधी आलेल्या मुलांना कसाऱ्याचा घाट रस्त्यानेच चढावा लागला असणार. ज्यांना रस्त्याने चालवत नेणे म्हणजे काय हे आयुष्यभर पुरेल इतके कळले होते, त्यांना हा आणखी एक घाट, आणखी एक अनोळखी भाषा. आपल्याला कुठे नेत आहेत, हे त्यांना कोणी समजेल असे सांगितले असेल का?

घाटाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच लिहितो, नंतर ती राहून जाईल. २०२२ साली याच घाटमाथ्यावरच्या इगतपुरी तालुक्यातून बातम्या आल्या. कातकरी वस्त्यांमधली लहान मुले थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला बाहेरच्या लोकांकडे दिली गेली होती. एक दहा वर्षांची मुलगी त्यात दगावली, तेव्हा ते उजेडात आले. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. मुले विकली जाण्याची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आणि दूरच्या खंडातली आहे, असे समजून कोणी हा लेख वाचू नये.

शरणपुरात मुलांना लिहिणे-वाचणे, पवित्र शास्त्र आणि हाताचा धंदा शिकवत. सुतारकाम, लोहारकाम, शेती. धंद्यावर भर होता तो विचारपूर्वक. गुलामाच्या कष्टावर त्याचा हक्क नसतो; ज्याच्या हातात रंधा आणि हातोडा आहे त्याच्या कष्टाला भाव येतो. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना नवी नावे मिळाली, आणि आडनावे मिळाली ती बरीचशी मिशनऱ्यांचीच. कोणी प्राइस झाला, कोणी आयझेनबर्ग, कोणी फॅरर. देणाऱ्यांनी ती मायेने दिली यात मला शंका नाही. तरी मनाला लागते. व्यापाऱ्याने मुलाचे गाव घेतले, आईबाप घेतले. उरले होते एक नाव, ते आसरा देणाऱ्यांनी बदलले. आपल्या पूर्वजांनी जे चांगले केले ते सांगताना हेही सांगायला हवे.

१८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे इथे शिकलेले तरुण मोम्बासाजवळच्या राबाई मिशनमध्ये पाठवले गेले. आफ्रिकेत परत जाणाऱ्यांतली ही पहिली नावे. तेव्हा त्यांची फारशी वार्ता झाली नाही. जगाचे लक्ष गेले ते पुढच्या वर्षी.

सप्टेंबर १८६५ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याकडे त्यांचा मुक्काम होता. (मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला आधी ज्यांचे नाव द्यायचे होते ते हेच फ्रिअर, या गोष्टीत ते पुन्हा येतील.) आफ्रिकेतल्या नव्या मोहिमेसाठी लिव्हिंग्स्टनना माणसे हवी होती. ते नाशिकला आले आणि शरणपूरच्या शाळेतली नऊ मुले त्यांच्याबरोबर जायला निघाली. जानेवारी १८६६ मध्ये 'थूल' नावाच्या आगबोटीने मुंबई सोडली. मोहिमेत मुंबई लष्करातले शिपाई होते, कोमोरो बेटांवरचे हमाल होते, उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवे होती. शिपायांना मध्येच परत पाठवावे लागले. कोमोरोचे लोक पळून गेले आणि लिव्हिंग्स्टन मारले गेल्याची खोटी बातमी त्यांनी किनाऱ्यावर पसरवली.

नाशिकची मुले काही देवदूत नव्हती. लिव्हिंग्स्टननी त्यांच्याविषयी कडू शब्द लिहून ठेवले आहेत. काही जण पुढे जायला नकार देऊन मागे राहिले, काही फितले. एकदा औषधांची पेटी सांभाळणाऱ्या बराकाने एका दिवसापुरते आपले ओझे दुसऱ्याला दिले आणि तो दुसरा माणूस पेटीसकट नाहीसा झाला. क्विनाइन गेले. हिवतापाच्या मुलखात हा घाव फार मोठा होता. स्मरणिकांमध्ये अशा मुलांना एकजात निष्ठावंत म्हणून रंगवण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. वीस वर्षांची पोरे होती. उपाशी होती. एक जण, रिचर्ड, पहिल्याच वर्षी वाटेत आजारी पडून वारला. दुसरा, जेम्स, पुढे बाण लागून मेला.

या प्रवासातला एक प्रसंग मला सोडत नाही. १८६६ सालीच, याओ लोकांच्या मुलखात, अब्राहम नावाच्या आपल्या मुलाला त्याचा मामा भेटला. इतक्या वर्षांनी रक्ताचे माणूस. मामाने सांगितले की तुला नेल्यानंतर तुझ्या आईला आणि बहिणींनाही विकले. आता तू इथेच राहा, असा आग्रह त्याने धरला. लिव्हिंग्स्टननीही त्याला राहायला सांगितले. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असे तो म्हणाला आणि मोहिमेबरोबर पुढे चालू लागला. सुटका या शब्दाचा आपण फार सहज उच्चार करतो. अब्राहम सुटला होता. त्याला परत जायला घर मात्र उरले नव्हते.

१८७२ साली शरणपुरातून आणखी मुले झांजिबारला गेली आणि लिव्हिंग्स्टनच्या शोधात गेलेल्या पत्रकार स्टॅन्लीने पाठवलेल्या तांड्याबरोबर लिव्हिंग्स्टनना जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. पुढचा निर्णय या आफ्रिकन माणसांनी आपसांत घेतला: देह मायदेशी पोचवायचा. शरीर उघडून आतडी आणि हृदय काढले गेले. त्या कामात शरणपूरचा केरस फॅरर मदतीला होता. हृदय झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनापुस्तक उघडून अंत्यविधीची उपासना चालवली आणि मग त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली.

धाडीत पकडलेले एक मूल शरणपुरात येते, अक्षर गिरवायला शिकते, आणि आफ्रिकेच्या मध्यात एका झाडावर कोरलेली अक्षरे त्याची असतात. त्या खोडाचा तुकडा पुढे लंडनला नेऊन जपला गेला. मला त्या लेखातल्या इंग्रजी नावापेक्षा कोरणारा हात मोठा वाटतो.

देहाला मीठ चोळून उन्हात वाळवले, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळले, वरून शिवले. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा असा सल्ला दिला. त्यांनी तो ऐकला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. देहाबरोबर जेकब इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत तो होता.

शरणपूरची कहाणी बहुतेक ठिकाणी इथे संपवतात. एका थोर गोऱ्या माणसाचा देह वाहून नेणारी मुले, एवढीच त्यांची ओळख उरते. मला वाटते, शरणपूरचे खरे काम याच्या पुढे आहे.

बार्टल फ्रिअर गव्हर्नरपदावरून मोकळे झाल्यावर १८७३च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारचे दूत म्हणून झांजिबारला गेले. सुलतान बर्गाश यांनी आधी नकार दिला, मग नाविक कोंडीची धमकी आली आणि ५ जून १८७३ रोजी करारावर सही झाली. झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद. आता आरमार अधिक गलबते पकडणार, अधिक माणसे सुटणार. त्यांना ठेवायचे कुठे? फ्रिअर यांना शरणपूर माहीत होते. आफ्रिकेच्या मुलांना हजारो मैलांवर नाशिकला नेण्यापेक्षा शरणपूरसारखी वस्ती आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर करा, असे त्यांनी सुचवले. ती वसवायला चर्च मिशनरी सोसायटीने निवडला तो शरणपूर वसवणारा माणूस. प्राइस १८७४च्या अखेरीस मोम्बासाला पोचले, मोम्बासा बेटासमोर जमीन घेतली आणि १८७५ साली फ्रिअर टाउन उभे राहिले. शरणपूरचे आफ्रिकन असायलम बंद झाले. इथली आफ्रिकन माणसे तिकडे गेली. सुतार, लोहार, शिक्षक, उपदेशक म्हणून. तिकडे त्यांना सगळे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले.

नवीन वस्तीत एक घंटा टांगली होती. गुलामांचे व्यापारी चाल करून आले तर ती वाजवायची आणि सगळ्यांनी सावध व्हायचे. ती घंटा मोम्बासात अजून आहे.

तिथे सगळे गोड झाले नाही. वस्तीच्या एका गोऱ्या व्यवस्थापकाने सुटलेल्या माणसांना फटक्यांची शिक्षा दिली, कोंडून ठेवले. जे चाबकातून सुटून आले त्यांना आसऱ्याच्या जागी पुन्हा चाबूक. त्याची चौकशी झाली, बोभाटा झाला. बॉम्बे आफ्रिकनांचीही तक्रार होती. पगार कमी, अधिकार त्याहून कमी, काम मात्र सगळे त्यांच्यावर. ती तक्रार खरी होती असे पुढच्या घटना सांगतात. मिशनचे सर्वांत धाडसी काम ज्यांच्या हातून झाले ते हेच लोक होते.

विल्यम जोन्सचे पाहा. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि इश्माएल सेमलरला दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले, तेव्हा तांड्यात जोन्स होता. वाटेत बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले, उरलेला तांडा जोन्सच्या हवाली करून. ऑक्टोबरमध्ये बुसोगात बिशप आणि त्यांच्या बरोबरची माणसे मारली गेली. खात्रीची बातमी मिळेपर्यंत जोन्सने वाट पाहिली आणि मग उरलेली माणसे घेऊन परत फिरला. १८८६च्या सुरुवातीला ती थकलेली, फाटक्या कपड्यांची रांग राबाईला पोचली. सर्वांत पुढे एक निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवला होता: ईखाबोद. पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात, कोश शत्रूच्या हाती गेल्याची वार्ता ऐकून मरणारी आई आपल्या नवजात मुलाला हे नाव देते. वैभव निघून गेले, असा त्याचा अर्थ. तेव्हा त्या माणसांजवळ सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते, आणि जे होते ते सांगायला त्यांना शास्त्रातला नेमका शब्द सापडला.

याच जोन्सच्या राबाईत त्या वर्षांत रात्रीअपरात्री माणसे येत. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम. झांजिबारचा बाजार बंद झाला होता, पण गुलाम बाळगणे मोम्बासात गुन्हा नव्हता. मालक त्यांना शोधत येत. मिशनचे अधिकृत धोरण होते की पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नये. तसे केले तर मालक हत्यारे घेऊन येतील, सगळीच वस्ती जाईल. ही भीती पोकळ नव्हती. तरी राबाईच्या शेतांत नवी माणसे दिसत राहिली, नव्या झोपड्या उठत राहिल्या. सगळ्यांनाच मुक्ततेचे कागद पाहून आत घेतले, असे कोणी म्हणणार नाही. ज्याला स्वतःला जुवात अडकवून हाकलले होते, त्याने दाराशी आलेल्याला परत पाठवले नाही.

१८८८ साली मालकांचा संताप टोकाला गेला. मोम्बासाला नुकत्याच आलेल्या ब्रिटिश कंपनीचे प्रमुख मॅकेन्झी यांनी मोजणी करवली तेव्हा राबाई आणि आसपासच्या मिशन वस्त्यांत मिळून चौदाशेहून अधिक पळून आलेली माणसे निघाली. जोन्सने किती जणांना जागा दिली होती ते तेव्हा सर्वांना कळले. मालकांना भरपाई देऊन तंटा मिटवायचे ठरले. त्या बोलण्यांसाठी साठीच्या घरातले प्राइस तिसऱ्यांदा मोम्बासात आले होते. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत ती माणसे रांगेने बसली आणि एकेकाला मुक्ततेचा कागद देण्यात आला. गोदाकाठी ज्यांनी शरणपूर वसवले ते प्राइस, आणि शरणपुरात वाढलेला जोन्स, हे दोघेही त्या काळात तिथे होते.

मुंबई बंदरात उतरलेल्या काही मुलांची संख्या कितीही धरली तरी चौदाशे हा आकडा मोठा आहे. शरणपूरने आसरा दिला. त्या आसऱ्यात वाढलेल्यांनी, वरिष्ठांचा हुकूम बाजूला ठेवून, त्याहून मोठा आसरा दिला. आपल्या संस्थेचा इतिहास लिहिताना मी इमारतींच्या आधी हे लिहीन.

आफ्रिकन मुले गेल्यानंतरही नाशिकला ख्रिस्ती वस्ती राहिली, दुष्काळांत नवी अनाथ लेकरे आली, पिढ्या वाढल्या. हळूहळू शहर पुढे सरकत आले आणि गाव रस्त्यात मिसळून गेले.

संपादकांना मी एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली, म्हणून लेखाच्या शेवटी ठाऊक असलेली नावे छापत आहोत. १८६४ साली गेलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. १८६६ साली लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेले सायमन प्राइस, रूबेन स्मिथ, एडवर्ड गार्डनर, अब्राहम परेरा, अल्बर्ट बराका, जेम्स रतन, रिचर्ड आयझेनबर्ग, अँड्र्यू पॉवेल, नथॅनिएल कुंबा. १८७२ साली गेलेले जेकब आणि जॉन वेनराइट, केरस फॅरर, रिचर्ड आणि बेंजामिन रतन, आणि मॅथ्यू वेलिंग्टन. मुलींची नावे मला मिळाली नाहीत.

मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत जास्त जगला. मोम्बासात तो १९३५ सालापर्यंत होता. म्हातारपणी त्याने आपली हकिकत सांगितली, तीत आईबापांनी ठेवलेले आपले नाव त्याने आठवून सांगितले: चेंग्विंबे.